गाडी तीच, इंजिन दुसऱ्याचे

तत्त्वज्ञान सुचण्यासाठी माणसाने हिमालयात जावे असे म्हणतात. मला ते खंबाटकीच्या घाटातच सुचले. २००९ सालचा मे महिना, दुपारचे बारा वाजलेले, आणि मी रस्त्याकडेच्या एका दगडावर बसून माझ्या मारुती ८०० च्या उघड्या बॉनेटमधून निघणाऱ्या वाफेकडे पाहत होतो. पूर्वीचे ऋषी अग्नीकडे पाहत बसत. आमच्या नशिबी वाफ आली, एवढाच काय तो फरक. शेजारच्या दगडावर सौ. बसली होती. ती वाफेकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि वाफ तिकडूनही निघेल अशी मला भीती वाटत होती.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. घाट सुरू झाला तेव्हाच ती म्हणाली होती, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हणालो, "पुढच्या ट्रकची क्लचप्लेट असेल." दुसऱ्या वळणावर ती म्हणाली, "अहो, तो काटा लाल रेघेवर गेलाय." मी म्हणालो, "घाट संपला की उतरेल." तिसऱ्या वळणावर काट्याने, इंजिनाने आणि सौ.ने एकदमच बोलणे बंद केले. साताऱ्याला मुंज होती. बटू आमची वाट न पाहता 'भवति भिक्षां देहि' म्हणून मोकळा झाला आणि आम्ही इकडे येणाऱ्याजाणाऱ्या टेम्पोवाल्यांकडे भिक्षा मागत उभे राहिलो.

दोष कुणाचा, हे आधीच सांगून टाकतो. दोष सर्वस्वी माझा. घरासमोर गाडीखाली चार दिवस पाण्याचे थारोळे दिसत होते. रेडिएटरचा रबरी पाइप गळत होता. मी ते थारोळे पाहिले आणि सोसायटीतल्या एका कुत्र्यावर ढकलले. लक्षात घ्या, मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी खात्यात नोकरी करणारा माणूस. दिवसभर लोकांच्या कामातल्या चुका मायक्रोमीटर लावून काढायच्या आणि घरी आल्यावर कुत्र्यावर आळ घ्यायचा. बिचारा तो कुत्रा निर्दोष मेला.

गाडी टेम्पोवर चढवून चिंचवडला आणली. आमचे मिस्त्री कमी बोलणारे. त्यांनी हेड उघडले, आत पाहिले, आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांकडे जसे पाहतात तसे माझ्याकडे पाहिले.

"हेड वाकलंय साहेब. इंजिन सीज झालंय. बोअर करा, पिस्टन टाका, बेअरिंगं टाका, तरी भरवसा नाही. त्यापेक्षा दुसरं इंजिन टाका."

"दुसरं म्हणजे नवं?"

"दुसरं म्हणजे दुसऱ्याचं," मिस्त्री म्हणाले.

ह्या एका वाक्याने मी जो विचारात पडलो तो आजतागायत पुरता बाहेर आलेलो नाही. दुसऱ्याचे पुस्तक वाचावे, दुसऱ्याचे पेन वापरून ते खिशात टाकावे, इथपर्यंत आपली मध्यमवर्गीय नीती पोहोचते. पण दुसऱ्याचे इंजिन? टायर बदलला, बॅटरी बदलली तर गाडी आपलीच राहते. पण इंजिनच बदलले तर मग आपली म्हणून उरले काय? सीटवरची सौ.ने शिवलेली अभ्रे आणि मागच्या काचेवरचा नातवाने चिकटवलेला वाघ!

आमच्या सोसायटीत तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे गाडीविषयी ते निर्भयपणे बोलू शकतात. मी माझी शंका त्यांच्यापुढे ठेवताच त्यांचे डोळे लकाकले. निवृत्तीनंतर त्यांना आपण होऊन प्रश्न विचारणारा मी पहिलाच. ते म्हणाले, "अहो, हा प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे!" मी म्हणालो, "माझी गाडी अकराच वर्षांची आहे." पण ते थांबले नाहीत.

त्यांच्याकडून मला कळले ते असे. थिसिअस नावाच्या ग्रीक वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. एकेक फळी कुजली की ती काढून तिथे नवी बसवायचे. प्लुटार्क लिहितो की हे जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांचे दोन तट पडले. मग सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात आणखी एक खुंटी मारून ठेवली. समजा, त्या काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा केल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? हे ऐकताच मी मांडीवर थाप मारली. ह्या हॉब्जने कुदळवाडी पाहिलेली असली पाहिजे!

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिखलीजवळची कुदळवाडी म्हणजे आमच्या उद्योगनगरीचा भंगार बाजार. आता ती तशी राहिलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो बांधकामे पाडून टाकली. पण त्या काळी पत्र्यांची गोदामे एकाला एक लागून मैलोगणती पसरलेली असत. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, मग मोटारींचे, स्कूटरींचे, सुट्या भागांचे कारखाने आले. आणि जिथे कारखाना तिथे भंगार, जसे जिथे लग्न तिथे खरकटे. ज्या २००९ साली माझे इंजिन मेले त्याच साली तिकडे चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे नवे कोरे कारखाने सुरू झाले. एकीकडे गाड्या जन्माला येत होत्या, आणि तिथून तासाभराच्या अंतरात दुसरीकडे गाड्यांचे दहावे-तेरावे चालू होते. मधल्या रस्त्यावर आम्ही राहणारे. आयुष्याचे सारे टप्पे पीएमपीच्या बसने पाहता येणारे असे गाव दुसरे नसेल.

मिस्त्री मला घेऊन गोदामे हिंडले. पहिल्या गोदामात एक इंजिन होते. किंमत अकरा हजार. मिस्त्रींनी बोल्टाला पाना लावून क्रँक फिरवून पाहिला, ऑइलचे झाकण उघडून आत बोट फिरवले, प्लग काढून त्यांचा रंग पाहिला, कॉम्प्रेशन मोजायचे घड्याळ लावले. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे. मुलगी पसंत पडावी तसा मिस्त्रींचा चेहरा झाला. मग त्यांनी फडक्याने इंजिनाची एक बाजू पुसली आणि चेहरा पुन्हा पूर्ववत केला. तिथे नंबर असायला हवा होता, आणि तो कानशीने घासलेला होता.

"कागद?" मिस्त्रींनी विचारले.

"कागद कशाला? इंजिन पळवायचंय का कागद?" दुकानदार म्हणाला. 'पळवायचंय' हा शब्द त्याने जरा जास्तच अचूक वापरला असे मला वाटले.

दुसऱ्या गोदामात दुसरे इंजिन होते. अठरा हजार. नंबर स्वच्छ, पावती मिळणार, मूळ गाडीचे कागद तयार.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सज्जन माणूस ताडकन म्हणाला असता, "कागदवालं द्या!" मी म्हणालो, "उद्या सांगतो." आणि रात्रभर मी त्या सात हजारांच्या बाजूने वकिली केली. आंबा खाताना आपण झाडाचा सातबारा मागतो का? ते इंजिन चोरीचे असेलच कशावरून? आणि असले तरी ते मी थोडेच चोरले आहे? मी घेतले नाही तर दुसरा घेईल. मग मी का नको? आपल्या मनात इतका हुशार वकील राहतो आणि तरी आपण आयुष्यभर नोकरी करतो, याचे मला त्या रात्री नवल वाटले.

पहाटे निर्णय झाला. पण तो नीतीने केला असे म्हटले तर ते खोटे होईल. तो भीतीने केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिन बदलले की ते परिवहन कार्यालयाला कळवून नोंदवावे लागते. घासलेला नंबर नोंदवायचा कसा? भीती आणि नीती यांत एका अक्षराचाच फरक आहे, आणि माझ्यासारख्या माणसाच्या हातून ते अक्षर लिहिताना नेहमी थोडे पुसट निघते. असो. कागदवाले इंजिन घेतले.

पैसे मोजताना मी दुकानदाराला सहज विचारले, "हे कुठल्या गाडीचं?"

"आठशेचंच साहेब. हायवेला ट्रकनं मागून ठोकली. मागचं सगळं गेलं. पुढचं बघा, खरचटलं नाही."

"आणि माणसं?"

तो नोटा मोजत होता. मोजणे संपवून म्हणाला, "ते कागदात नसतं, साहेब."

त्यानंतरचे तीन दिवस मी रजा काढून गॅरेजमध्ये बसलो. आपल्या माणसाचे ऑपरेशन असल्यावर बाहेर बसतात तसा. मिस्त्रींच्या पोराने बॉनेट उतरवले, बॅटरी आणि रेडिएटर काढले, वायरींना चिठ्ठ्या बांधल्या. गियरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा लावला. मग लोखंडी आडव्याला टांगलेल्या चेन-ब्लॉकने माझे जुने इंजिन हळूहळू वर आले आणि अधांतरी लोंबकळत राहिले. सातशे शहाण्णव सीसीचे ते लहानसे धूड. अकरा वर्षे त्याने मला ओढले आणि मला त्याचे तोंड आज दिसत होते! मला वाटले, काहीतरी बोलावे. पण पोर शेजारी उभे होते, म्हणून मी खाकरलो फक्त.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, इंजिन बाहेर आहे तोवर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग नवं टाकून घ्या. नंतर एवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडावं लागेल." हे मला पटले. मग त्यांनी जे केले ते पाहून मी खुर्ची पुढे ओढली. क्लचप्लेट बसवताना ती अगदी मधोमध यावी लागते. केसभर इकडेतिकडे झाली तर गियरबॉक्सचा शाफ्ट आत जात नाही. त्यासाठी त्यांनी एका मोडक्या गियरबॉक्सचा शाफ्ट जपून ठेवला होता. तो आधी आत घालून प्लेट मधोमध धरायची, बोल्ट आवळायचे आणि मग तो काढून घ्यायचा. थोडक्यात, मेलेल्या गाडीच्या हाडाने दोन परक्यांचे लग्न लावायचे.

लग्नच ते. गियरबॉक्स माझा, इंजिन परके. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. एक फिरते आहे, दुसरा उभा आहे. एकदम जोडले तर आचका बसून गाडी बंद पडणार. म्हणून मध्ये ही क्लचप्लेट. ती आधी थोडी घसरते, थोडे सोसते, दोघांचा वेग जुळवून आणते आणि मगच घट्ट धरते. हल्लीच्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये हे सारे परस्पर होते, त्यामुळे चालवणाऱ्याला त्यातले काही कळत नाही. आमच्या गाडीत ते डाव्या पायाला कळायचे.

नवे म्हणजे दुसरे इंजिन चढवण्याआधी पोर ते रॉकेलने धूत होते. वरच्या टॅपेट कव्हरवरचे काजळ निघाले आणि त्याचा हात थांबला. खाली हळदीकुंकवाचे स्वस्तिक होते. पुसट झालेले, तेलाने काळपटलेले, पण बोटाने काढलेले स्पष्ट दिसणारे. खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्यात लेथला फुले वाहतात, दारात गाडीला झेंडूचा हार घालतात. पण बॉनेट उघडून थेट इंजिनाला कुंकू लावणारा माणूस विरळा. मला वाटले, हा आपल्यातलाच कुणीतरी असणार. कुठल्यातरी कारखान्यात काम करणारा. बोट जरा जाड होते.

पोराने मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "राहू दे."

गाडी सुरू झाली ती पहिल्या किल्लीला. जुन्या इंजिनाला सकाळी चोक ओढून, गोंजारून, प्रसंगी देवाचे नाव घेऊन उठवावे लागे. हे पठ्ठे एका हाकेत उठले. मला आनंद व्हायला हवा होता, पण उगाच फितुरी केल्यासारखे वाटले. मी ऐटीत पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि गाडी गॅरेजच्या दारातच बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाले, "साहेब, क्लच आता वर धरतोय. जुनी सवय सोडा." अकरा वर्षांत पायाला जी जागा पाठ झाली होती ती आता तिथे नव्हती. गाडी तीच होती, पण शिकावे मलाच लागले.

इंजिनात बिघाड होता तेव्हा प्राध्यापक थिसिअसवर थांबले होते. दुरुस्ती झाल्यावर ते मिलिंदप्रश्नावर आले. मिलिंद राजा म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. तो नागसेन भिक्षूला भेटायला रथातून गेला. नागसेनाने त्याला विचारले की चाके म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग रथ आहे कुठे? शेवटी राजाच कबूल झाला की सगळे भाग जुळून आले की त्याला आपण रथ म्हणतो, इतकेच. रथ नाहीच असे काही त्याला म्हणता येईना, कारण तो बाहेर उभा होता आणि राजाला परत जायचे होते.

मला हे पटले. पटणारच, कारण आमच्या कारखानदारीचा पायाच तो. १९०८ साली इंग्लंडमध्ये तीन कॅडिलॅक गाड्या पार खोलल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, काही तर दुकानातल्या साठ्यातले घातले, आणि नुसते पाने आणि स्क्रूड्रायव्हर वापरून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. तिन्ही ब्रुकलँड्सच्या मैदानावर पाचशे मैल धावल्या आणि कंपनीला मोठा मान मिळाला. त्यांतली पहिली कोणती, दुसरी कोणती, हे कुणी विचारले नाही. मीही तीस वर्षे हेच केले. गेज लावायचे, एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. बसले तर पास. कुठला भाग कुणाच्या गाडीत जाणार, हा प्रश्न आमच्या खात्याचा नव्हेच. एकसारखे केले की एकाच्या जागी दुसरे चालते, आणि चालले की झाले.

ह्या समाधानात मी आठ दिवस होतो. मग रविवारी गाडीची पूजा करायला चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात गेलो. सौ., मी आणि सहा वर्षांचा नातू. गाडीपुढे नारळ फोडला. येताना नातवाला मी गणपतीची गोष्ट सांगितली, थोडी आमच्या इंजिनाच्या सोयीने. म्हटले, "बघ, बाप्पाचं डोकं बदललं, तरी पार्वतीमाई म्हणाली का, की हा माझा बाळ नाही? बाप्पा तोच. तशी आपली गाडी तीच." दृष्टांत इतका चपखल बसला की मी आरशात पाहून स्वतःशीच हसलो.

मागून नातवाने विचारले, "आजोबा, आणि त्या हत्तीच्या आईला कुणी सांगितलं?"

मी गियर बदलला. तिसऱ्याचा चौथा केला, मग विनाकारण चौथ्याचा तिसरा केला. सौ. खिडकीबाहेर पाहत राहिली. साठीला टेकलेल्या मी ही गोष्ट शंभरदा ऐकली, पन्नासदा सांगितली. हत्ती मला कधी दिसलाच नव्हता. नुसते डोके दिसले होते.

तेव्हा कळले की प्राध्यापक आणि मी सगळा वेळ चुकीच्या बाजूला उभे होतो. आमचे जहाज तेच का, आमचा रथ तोच का, आमची गाडी तीच का! आमचे, आमचे, आमचे. जिथून फळी आली ते झाड कुणी विचारले नाही. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण केले. बर्नार्ड हे नाव पुढे पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ झाले. ज्याला ते हृदय बसवले ते लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगले, तेही काहींना आठवते. हृदय होते डेनिस डार्व्हल नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुलीचे. रस्त्यात मोटारीने तिला उडवले होते, आणि संमती द्यायची होती तिच्या वडिलांना. ते नाव मला शोधून वाचावे लागले.

दुसऱ्याच दिवशी मी आरटीओत गेलो. बदल नोंदवायला जायचे होतेच, पण त्या दिवशी भीतीने गेलो नाही. चॅसिस नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून राजाचे डोके काढायचो तसे. मग इंजिनाचा नंबर तसाच घासून काढला. एकाच पानावर माझ्या गाडीचा नंबर आणि त्या अनोळखी माणसाच्या गाडीचा नंबर शेजारीशेजारी उमटले. त्याच्याविषयी माझ्याजवळ तेवढेच होते. माणसे कागदात नसतात हे खरे, पण कागद खरा असला तर निदान रस्ता पुसला जात नाही. घासलेल्या नंबरात चोरीपेक्षाही वाईट काही असेल तर ते हेच: तो हत्तीच पुसून टाकतो.

पुढची सात वर्षे त्या इंजिनाने निमूट काम केले. ह्या काळात माझ्याही शरीरात बरीच फिरवाफिरव झाली. दोन्ही डोळ्यांत नवी भिंगे, वरच्या रांगेत चार दात, उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा. आता माझे आरसी बुक काढले तर चॅसिस नंबर तेवढा मूळचा निघेल. सौ.ला विचारले, "मी तोच आहे ना गं?" ती म्हणाली, "दुर्दैवाने." तिच्या ह्या एका शब्दावर मी प्राध्यापकांची तीन व्याख्याने ओवाळून टाकतो. मला जबाबदार धरणारे माणूस घरात आहे तोवर मी तोच आहे. थारोळे कुत्र्यावर ढकलणाराही मीच.

२०१६ साली गाडी विकायला काढली. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा पोरगा पाहायला आला. पंचविशीचा. आईवडिलांना गावाहून आणायला-न्यायला गाडी हवी होती. किंमत अडतीस हजार ठरली. त्याने गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि मग विचारले, "काका, इंजिन ओरिजिनल आहे ना?"

आता पाहा. आरसी बुकात इंजिनाचा नंबर नोंदलेला होता, आणि तो इंजिनावरच्या नंबराशी तंतोतंत जुळत होता. कोणताही कागद मला खोटा पाडणार नव्हता. भीतीचे कारणच उरले नव्हते. आणि इंजिन ओरिजिनल होतेच की! त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे, कंपनीत बनलेले. मनातला जुना वकील सात वर्षांनी कोट घालून उभा राहिला. मी म्हणालो, "हो, ओरिजिनलच."

पोराने हजार रुपये इसार दिला आणि 'उद्या येतो' म्हणाला.

रात्री झोप आली नाही. मी खोटे बोललो नव्हतो, हीच अडचण होती. खोटे बोललेले माणूस मागे घेऊ शकते. खरे बोललेले मागे कसे घ्यायचे? दोन वाजता सौ. म्हणाली, "त्या मुलाला सांगून टाका आणि झोपा." मी तिला काही सांगितले नव्हते. तीच शेवटी चाळीस वर्षांची क्लचप्लेट. आधी थोडे सोसते, मग घट्ट धरते.

सकाळी तो आला तेव्हा मी आधी बॉनेट उघडले. म्हटले, "बाबा रे, हे इंजिन ह्या गाडीचं नाही. माझं मी जाळलं, खंबाटकीत. हे दुसऱ्या गाडीचं." आणि घाट, थारोळे, कुत्रा, कुदळवाडी, सगळे सांगून टाकले. पोरगा ऐकून हसला. "काका, मी रोज इंजिनंच बसवतो लाइनवर. कुठलं कुठल्या गाडीत जातं, मला तरी कुठं ठाऊक असतं? चाललं म्हणजे झालं." मला माझ्याच खात्यातला कुणी भेटल्यासारखे वाटले. मात्र ह्या वैचारिक ऐक्याचा फायदा घेऊन त्याने किंमत दोन हजारांनी खाली आणली. माझ्या सत्याचा बाजारभाव मला त्या दिवशी रोख कळला.

मग तो टॅपेट कव्हरकडे वाकला. "हे कुंकू तुम्ही लावलं?"

"नाही," मी म्हणालो, "ते आधीच्यांचं."

"त्यांचं काय झालं?"

मी म्हणालो, "ते कागदात नव्हतं." आणि म्हणताना, कुदळवाडीच्या त्या दुकानदाराने नोटा मोजण्याचे निमित्त का केले होते, ते मला समजले. माझ्या हातात नोटा होत्याच.

पोरगा गाडी घेऊन गेला. फाटकात दोनदा बंद पाडली. मी गॅलरीतून ओरडलो, "क्लच वर धरतो रे!" त्याने हात हलवला आणि तिसऱ्यांदा बरोबर उचलली.

त्या वर्षी खंडेनवमीला दुपारी फोन वाजला. चाकणहून तोच बोलत होता. कंपनीत पूजा झाली, आता घरी गाडीची केली, गाडी छान चालते, आई आता गाडीशिवाय देवाला जात नाही, वगैरे. ठेवता ठेवता म्हणाला, "आणि काका, इंजिनाला कुंकू लावलं हां. आधीच्यांच्या कुंकवावरच लावलं."

सौ.ने विचारले, "कुणाचा फोन?"

मी म्हणालो, "आपल्या गाडीचा."

"आपली कुठली? विकली ना ती?" ती म्हणाली, आणि प्राध्यापकांना पुरेल एवढा प्रश्न माझ्या पुढ्यात टाकून आपट्याची पाने आणायला निघून गेली.